नट-बोल्ट मिळतो, क्लिप का मिळत नाही?

जुनी मोटार दुरुस्त करून पुन्हा मूळ रूपात आणण्याचे काम चिकाटीचे असते. इंजिन उघडावे लागते, गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, रंग द्यावा लागतो. ही सारी कामे अवघड आहेत, पण ती करणारे कारागीर मिळतात. पिस्टन मिळाला नाही तर सिलिंडर घासून दुसऱ्या मापाचा बसवता येतो. एखादा बोल्ट हरवला तर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा दुसरा मिळतो. गाडी अडते ती भलत्याच ठिकाणी. दाराच्या आतल्या बाजूचे पॅनेल पत्र्याला धरून ठेवणारी, अंगठ्याच्या पेराएवढी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते आणि तशी दुसरी कुठेच मिळत नाही. नवी असताना तिची किंमत चहाच्या कपाहून जास्त नसावी.

वीस रुपयांच्या वस्तूवाचून लाखाचे काम थांबावे हे विचित्र वाटते. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राचा बोल्ट आज मिळतो आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीची क्लिप मिळत नाही, यामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो समजून घेतला तर प्रमाणीकरण या रुक्ष वाटणाऱ्या शब्दाला अर्थ येतो.

प्रत्येक नटाचा बोल्ट वेगळा

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत धातूचे स्क्रू आणि बोल्ट बहुतांशी हाताने, कारागिराच्या अंदाजाने तयार होत. एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्यातल्या बोल्टवर बसेलच याची खात्री नव्हती. एकाच कारखान्यातल्या दोन बोल्टांचे नट अदलाबदल करून बसतील याचीही नव्हती. यंत्र खोलताना प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे.

लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचे अचूक लेथ यंत्र बनवले. त्यामुळे एका कारखान्यापुरते सारखे आटे पाडणे शक्य झाले. पण कारखाने अनेक होते आणि प्रत्येकाची पद्धत निराळी होती. रेल्वेचा काळ सुरू झाला, एका शहरात बनलेले इंजिन दुसऱ्या शहरात दुरुस्त करण्याची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला.

मॉडस्लेच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने या प्रश्नाला हात घातला. त्याची रीत साधी होती. त्याने इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ साली त्याने इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे आपला प्रस्ताव मांडला. आट्यांच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा असावा आणि प्रत्येक व्यासासाठी एका इंचात किती आटे असावेत हे ठरलेले असावे, असा तो प्रस्ताव होता. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे. रेल्वे कंपन्यांनी हे प्रमाण उचलले आणि पुढे ते ब्रिटिश साम्राज्यभर पसरले.

व्हिटवर्थने जगातला सर्वोत्कृष्ट बोल्ट शोधून काढला नव्हता. लोक जे वापरत होते त्याच्या मधोमध एक माप निवडून सर्वांनी तेच वापरावे, एवढेच त्याने सुचवले. प्रमाणाची किंमत ते सर्वोत्तम असण्यात नसते, सर्वांचे असण्यात असते.

एका आट्याचा फरक

अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये दुसरे प्रमाण मांडले. त्यात कोन ६० अंशांचा होता आणि आट्यांची टोके गोल न करता सपाट ठेवली होती. साध्या कारखान्यातही ते पाडायला व तपासायला सोपे होते. अर्ध्या इंचाच्या बोल्टला सेलर्सने १३ आटे ठरवले. व्हिटवर्थचे १२ आणि सेलर्सचे १३. फरक एका आट्याचा, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढणार नाही.

प्रमाण नसण्याची किंमत काय असते ते ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहराने पाहिले. शहराच्या मध्यभागी लागलेली आग विझवण्यासाठी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब धावून आले. परंतु त्यांच्यापैकी अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांवर बसेनात. माणसे होती, पाणी होते, नळ्याही होत्या. आग तीस तासांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि दीड हजारांवर इमारती जळाल्या.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रे एकाच आघाडीवर आली तेव्हा ५५ आणि ६० अंशांचा हा भेद पुन्हा नडला. युद्ध संपल्यावर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांचे एकीकृत प्रमाण मान्य केले. १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने पुढे मिलिमीटरमधल्या आट्यांचे प्रमाण जगासाठी ठरवले. त्यातही कोन ६० अंशांचाच आहे.

आपल्याकडे या साऱ्या इतिहासाचे थर एकाच दुकानात सापडतात. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. तरी हार्डवेअरच्या दुकानात आजही ‘चार सुताचा बोल्ट’ मागितला तर दुकानदार अर्ध्या इंचाचा बोल्ट काढून देतो, कारण आठ सूत म्हणजे एक इंच. आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केलेल्या दोन मोटारींतही हा भेद होता. मोरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या सुरुवातीच्या अँबॅसेडरला इंची पाने लागत, तर मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात बनणाऱ्या इटालियन वंशाच्या फियाटला मिलिमीटरचे पाने लागत. गॅरेजवाला दोन्ही संच बाळगत असे. प्रमाणे दोनच असल्यामुळे संचही दोनच पुरत.

फिरवण्याऐवजी दाबणे

मग मोटारीतला स्क्रू मागे का पडला? त्याचे उत्तर घड्याळात आहे. हेन्री फोर्डने १९१३ साली हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी-रेषा सुरू केली. पूर्वी ‘मॉडेल टी’चा सांगाडा जुळवायला सुमारे साडेबारा तास लागत, वर्षभरात ते काम दीड तासाच्या आसपास आले. सेकंद मोजले जाऊ लागल्यावर प्रत्येक स्क्रूकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. स्क्रू उचलायचा, भोकावर धरायचा, पेचकसाची धार खाचेत बसवायची आणि आठ-दहा वेळा फिरवायचा. अमेरिकेत १९३० च्या दशकात हेन्री फिलिप्सच्या नावाने प्रसिद्ध झालेली अधिकच्या चिन्हाची खाच आली. तिच्यात पेचकस आपोआप मध्यावर बसतो. यांत्रिक पेचकसांना ती सोयीची असल्याने मोटार कारखान्यांनी ती लगेच उचलली. तरी फिरवणे टळले नव्हते.

दुसरा मार्ग स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा होता. क्लीव्हलँडच्या अल्बर्ट टिनरमनचा कारखाना चिनी मातीसारखा मुलामा दिलेल्या शेगड्या बनवी. स्क्रू आवळताना हा मुलामा तडके. म्हणून त्याने १९२० च्या दशकात वाकवलेल्या स्प्रिंग-पत्र्याचा नट तयार केला. तो नुसता सरकवला की बसे आणि हादऱ्यांनी सैल होत नसे. अशा पोलादी क्लिपा पुढे विमानांत आणि मोटारींत गेल्या. परंतु पोलादाला गंज लागतो आणि त्याच्या कडा रंग खरवडतात.

याच सुमारास रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत दुसरी वस्तू घडत होती. ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले. त्याचा पहिला विकाऊ उपयोग १९३८ साली दात घासण्याच्या ब्रशाच्या केसांसाठी झाला आणि १९४० साली नायलॉनच्या मोज्यांनी अमेरिकेत धुमाकूळ घातला. कॅरोथर्स मात्र १९३७ सालीच वारला होता. इटलीत ज्युलिओ नात्ता याने १९५४ साली स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन तयार केले. १९६० साली ड्यू पाँनेच ॲसिटल जातीचे कठीण, गुळगुळीत प्लॅस्टिक बाजारात आणले. क्लिपांसाठी लागणारे पदार्थ असे पंचवीस वर्षांत हाती आले.

नायलॉनच्या चापांची क्षमता दाखवणारे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. विमानाच्या कारखान्यात हजारो तारा मेणाच्या दोऱ्याने गाठी मारून बांधल्या जात आणि त्यात कामगारांची बोटे कापत. थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन याने १९५६ साली हे पाहिले आणि १९५८ साली खाचांची पट्टी बाजारात आली. ओढली की बसणारी आणि उलट न सरकणारी ती केबल-टाय आज गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनच्या खिशातही असते.

प्लॅस्टिकच का?

क्लिपेचे काम विरोधाभासाचे आहे. आत जाताना तिने वाकले पाहिजे, आत गेल्यावर पुन्हा ताठ झाले पाहिजे. म्हणजे तिला मोठी पण तात्पुरती विकृती सहन व्हायला हवी. विकृती म्हणजे मूळ लांबीच्या मानाने झालेला लांबीतला बदल. एका टोकाला पक्क्या असलेल्या चपट्या पट्टीचे दुसरे टोक वाकवले तर मुळाशी होणारी कमाल विकृती अशी काढतात:

विकृती = (३ × जाडी × वाक) ÷ (२ × लांबी × लांबी)

समजा पट्टी १० मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर जाड आहे आणि भोकातून जाताना तिचे टोक १ मिलिमीटर वाकते. मग विकृती ३ भागिले २००, म्हणजे दीड टक्का येते. साधे पोलाद एक दशांश टक्क्याच्या थोडे पुढे गेले की कायमचे वाकते. ते मूळ जागी परतत नाही. नायलॉन मात्र काही टक्क्यांपर्यंतचा असा एखाददुसरा वाक सहन करून परत येते. पोलाद नायलॉनहून कितीतरी ताठ व बळकट आहे हे खरे. पण येथे बळकटीपेक्षा परत येण्याची तयारी महत्त्वाची आहे.

सूत्रात लांबीचा वर्ग आहे हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. पट्टी दुप्पट लांब केली तर विकृती चौपट कमी होते. जाडी दुप्पट केली तर विकृती दुप्पट वाढते. म्हणून तुटणारी क्लिप अधिक जाड केल्याने भक्कम होते हा समज पुष्कळदा चुकीचा ठरतो. जाड क्लिप लवकर तुटते.

याशिवाय प्लॅस्टिक गंजत नाही, खडखडत नाही, रंग खरवडत नाही. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबले की काही सेकंदांत गुंतागुंतीचा आकार तयार होतो. गंमत अशी, की आजच्या यंत्रांत ते वितळलेले प्लॅस्टिक साच्याकडे ढकलण्याचे काम मळसूत्रच करते. ज्या मळसूत्राला क्लिपेने मोटारीतून हटवले, त्याच्याच जोरावर क्लिप जन्माला येते.

क्लिपेला व्हिटवर्थ का भेटला नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बोल्टचे पूर्ण वर्णन तीन-चार आकड्यांत होते: व्यास, आट्यांमधले अंतर, लांबी आणि डोक्याचा आकार. कोन तर ठरलेलाच असतो. एवढे आकडे चिठ्ठीवर लिहून दिले की जगाच्या पाठीवर कुठेही तो बोल्ट बनवता येतो.

क्लिपेचे तसे नाही. पत्र्यातल्या भोकाचा व्यास, भोक गोल की चौकोनी, पत्रा आणि पॅनेल यांची मिळून जाडी, दांड्याची लांबी, पंखांची संख्या व कोन, डोके पॅनेलच्या खाचेत सरकते की वरून दाबले जाते, आणि शेवटी पदार्थ कोणता, हे सारे सांगावे लागते. प्रत्येक नव्या गाडीबरोबर पॅनेलचा आकार बदलतो आणि अभियंता त्याला जुळेल अशी क्लिप आखतो. साचा महाग असला तरी त्यातून लाखो क्लिपा निघतात, त्यामुळे कारखान्याला वेगळी क्लिप परवडते. बोल्टच्या प्रमाणाची गरज रेल्वेला, सैन्याला, बंबवाल्यांना होती. म्हणजे वस्तूंची अदलाबदल करणारे अनेक होते. क्लिपेची अदलाबदल कारखान्याच्या आत कुणालाच करायची नसते. तिची गरज वीस-तीस वर्षांनी, कारखान्याबाहेरच्या माणसाला पडते, आणि आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत हा माणूस हजर नसतो.

काही मापे मात्र आपोआप रूढ झाली आहेत. भोकांचे व्यास बहुधा ६, ७, ८, १० मिलिमीटर अशा सोप्या आकड्यांचे असतात. त्यामुळे नेहमीच्या गाड्यांच्या क्लिपांचे मिश्र डबे बाजारात मिळतात. जुन्या गाडीवाल्याची आशा त्या डब्यावर असते.

म्हातारी होणारी खिटी

क्लिप न मिळण्याचे दुसरे कारण ती टिकत नाही हे आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू यांमुळे प्लॅस्टिकच्या लांब रेणुसाखळ्या हळूहळू तुटतात. काजळी मिसळल्याने किरण शोषले जातात, म्हणून बाहेर वापरायचे प्लॅस्टिक पुष्कळदा काळे असते. दारे बंद करून उन्हात उभी केलेली मोटार म्हणजे भट्टीच. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते.

नायलॉनची गोष्ट आणखी निराळी आहे. ते पाणी पिते. हवेतल्या नेहमीच्या दमटपणात त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास पाणी असते, तर पाण्यात पूर्ण भिजलेल्या नायलॉन ६,६ मध्ये ते ८ टक्क्यांच्या वर जाते. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात आणि नायलॉन लवचीक होते. कोरडे नायलॉन ताठ पण ठिसूळ असते. म्हणून जाणकार नव्या कोरड्या क्लिपा बसवण्यापूर्वी काही वेळ गरम पाण्यात ठेवतात. जुनी क्लिप काढताना गार हवेत झटका न देता ती थोडी गरम करतात आणि दुबेळक्या पट्टीने डोक्याच्या अगदी लगत आधार देऊन उचलतात.

शोध कसा घेतात

तुटलेली क्लिप हातात घेऊन तिचीच मापे घेणे हा पहिला मोह असतो. पण वर्षानुवर्षे दाबून राहिलेली क्लिप आकार बदलते. तिचे पंख आत दबलेले असतात. पत्र्यातले भोक मात्र फारसे बदलत नाही. म्हणून प्रथम गंज साफ करून भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजावा, मग पत्रा व पॅनेल यांची एकत्रित जाडी, आणि शेवटी पॅनेलची खाच. क्लिप शोधण्याऐवजी ती जिथे बसायची ती जागा मोजायची, ही या कामातली मुख्य युक्ती आहे.

एवढे आकडे हाती आले की कारखान्याचे नाव गौण ठरते. एका कंपनीची क्लिप दुसरीच्या गाडीला चालू शकते. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात असा शोध चालतो. जमले नाहीच तर अनेकजण पत्र्याला भोक पाडून स्क्रू मारतात. ते काम त्या दिवशी निभावते, पण उघड्या पडलेल्या कडेला गंज धरतो आणि गाडीचे मूळपणही जाते.

अलीकडे तिसरा मार्ग उघडला आहे. वस्तू थरांवर थर देऊन छापणारी यंत्रे साच्यावाचून एखादीच क्लिप बनवू शकतात. टेक्सास विद्यापीठात १९८० च्या दशकात कार्ल डेकार्ड याने विकसित केलेल्या पद्धतीत प्लॅस्टिकची भुकटी लेसर किरणांनी जोडली जाते, आणि त्यासाठी नायलॉनची भुकटी फार सोयीची ठरली आहे. पोर्श कंपनीने २०१८ साली आपल्या जुन्या गाड्यांचे काही धातूचे व प्लॅस्टिकचे भाग अशा पद्धतींनी बनवू लागल्याचे जाहीर केले. त्यांतला एक भाग फक्त २९२ गाड्या निघालेल्या ९५९ या मॉडेलचा होता. एवढ्या थोड्या नगांसाठी साचा पुन्हा बनवणे परवडले नसते. मात्र थरांमधला जोड थराच्या स्वतःच्या बळकटीपेक्षा कमजोर असू शकतो. म्हणून क्लिपेचा पंख थरांच्या दिशेने वाकेल की थर सोलले जातील असा वाकेल, याचा विचार छापण्यापूर्वीच करावा लागतो.

पुढचा प्रश्न

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. १९८३ साली सुरू झालेले मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. आपल्याकडे २०२१ सालच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळू शकते. पहिल्या मारुतींना तो मान २०३३ साली मिळेल. तोवर किती गाड्यांच्या दारांची पॅनेले मूळ क्लिपांनी धरलेली असतील?

प्रश्न केवळ हौशी लोकांच्या मोटारींचा नाही. मिक्सरचे झाकण, धुलाई यंत्राच्या दाराची कडी, संगणकाचे बिजागर, रुग्णालयातल्या उपकरणाचे आवरण, सगळीकडे हीच खिटी आहे. ती तुटली की चांगले चालणारे यंत्र भंगारात जाते. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्यापुढच्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश केला. सुटे भाग मिळण्याचा हक्क जसा महत्त्वाचा, तसाच त्यांची मापे मिळण्याचा. आराखडा खुला असला तर कारखाना बंद झाल्यावरही भाग बनवता येईल.

तोवर वर्गात एक उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांना घरातल्या तुटलेल्या आणि शाबूत क्लिपा, डब्यांच्या कड्या, पेनांची टोपणे, दप्तरांचे चाप गोळा करायला सांगावे. व्हर्नियरने प्रत्येकाची लांबी, जाडी आणि वाक मोजावा, वर दिलेल्या सूत्राने विकृती काढावी आणि तुटलेले कुठे तुटले ते पाहावे. बहुतेक मुळाशीच तुटलेले आढळतील, कारण सूत्रातली कमाल विकृती तेथेच असते. मोजलेल्या मापांचा तक्ता शाळेत जपून ठेवावा आणि दरवर्षी त्यात भर घालावी. व्हिटवर्थनेही १८४१ पूर्वी याहून फार निराळे काही केले नव्हते. त्याने आधी बोल्ट गोळा केले होते.